ताक प्यालेली तगर

बिंदू चौकाकडं जाताना एका हातगाडीवर
अनंत म्हणून मिळालं ते रोप. साठ रुपये.
पिशवी फाटलेली, पानं मात्र तेल लावल्यासारखी.
एकतीस वर्षं मी उद्यमनगरात लेथवर उभा राहिलेलो,
एका सुताची चूक झाली तर जॉब भंगारात टाकणारा.
पान चिमटीत धरून बघितलं,
जाणकारासारखी मान हलवली
आणि पैसे दिले.

कुणीतरी सांगितलं, अनंताला आंबट माती लागते,
आपलं बोअरचं पाणी त्याला सोसत नाही, पानं पिवळी पडतात.
झालं. दर रविवारी वाटीभर ताक,
दहा वाट्या पाण्यात पातळ केलेलं,
बुंध्यापासून चार बोटं लांब, गोल फिरवून.
जुन्या दुकानातनं गंजका किस आणून मातीत कालवला.
दुपारी कुंडी टाकीच्या सावलीला सरकवायची,
चारला परत जागेवर.
सुलक्षणा म्हणायची,
पोरांना कधी एवढं विचारलं न्हाईसा,
पोटात दुखतंय का म्हणून.

दुसऱ्या वर्षी फुललं.
पांढरं, चुरगळलेल्या मलमलीसारखं, पाकळीवर पाकळी.
मी संध्याकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबून
वास यायची वाट बघितली.
कुणाच्या तरी घरातली तांबड्या रश्श्याची फोडणी आली.
अनंत आला नाही.

शेजारच्या गच्चीवर हौसाक्का वाळवण उलटत होती,
जिचे गजरे महाद्वार रोडला जातात.
"थांब, बघतो मी," म्हणाली
(आमच्याकडं बायका 'बघतो'च म्हणतात),
कठडा ओलांडून आली आणि टचकन पान मोडलं.
देठातनं पांढरा थेंब. मग दुसरा.
तिच्या नखावर थरथरत राहिला.
"ह्यो कुठला अनंत? डबल तगर हाय ही.
अनंताला चीक नसतोय बाबा."

सुलक्षणा जिन्यातच बसली हसत, पदर तोंडात.
"दोन वर्सं दुधाला ताक पाजत होतासा की ओ!"

त्या रात्री मी बॅटरी घेऊन सगळ्या कुंड्या तपासल्या.
जाईची कळी उलटून बघितली: खालनं गुलाबी, बरोबर.
जुईच्या पानाच्या बुडाशी दोन इवले कान असतात,
होते. हायसं वाटलं.
पिवळी अबोली म्हणून मिरवत होतो ती
हाताला टोचली. कोरांटी.
जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखा पिठ्या ढेकूण,
तो दिवसा दिसला नव्हता,
दात घासायच्या जुन्या ब्रशनं रिठ्याच्या पाण्यात घासून काढला
आणि हात धुताना घड्याळ बघितलं तर एक वाजलेला.
तेव्हा आला वास.
मंद, लाजरा, हवेत आहे की आपल्याच मनात
असा संशय यावा इतका.
तगर रात्रीची बोलते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी कधी रात्री एक वाजता विचारलंच नव्हतं.

ॲल्युमिनियमच्या पट्टीवर सुईनं 'अनंत' कोरून
कुंडीला तारेनं अडकवली होती.
काढली, उलटी केली, मागं 'तगर' कोरलं.
वारा आला की पट्टी गिरकी घेते
आणि झाडाला दोन्ही नावं चालतात.

मागच्या आठवड्यात तोच हातगाडीवाला, तीच गाडी.
"अनंत हाय काय?"
"अस्सल हाय, मामा."
मी पान मोडलं.
"अवो, मोडताय कशाला!"
कोरडं. थेंब नाही. नखभर हिरवा वास नुसता.
ह्या खेपेला ऐंशी रुपये.

आता रविवारी सुलक्षणा ताकाचा तांब्या घेऊन वर येते,
नव्या अनंताला अर्धं घालते
आणि उरलेलं, माझ्याकडं न बघता, तगरीला.
मी म्हणतो, तिला नको गं आता.
"असूं दे," म्हणते, "सवय लागलीया तिला."